ईमॅक्समधली मेल अडली की नळ सोडा, आधी टाकी बघा

लक्षणं आधी.

म्यू४ईत (ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधला मेल वाचायचा प्रोग्राम) मोठा यू दाबला, खाली इंडेक्स झाल्याची ओळ आली, नवीन मेल शून्य. शेजारी पडलेल्या फोनवर मात्र तीच मेल येऊन वाचूनही झालेली.

सकाळी मेल येते, दुपारी जेवून आलं की बंद. कधी दोन तास सुरळीत, मग काही कारण नसताना ठप्प.

टर्मिनलवरून ओढली तर येते, ईमॅक्समधून ओढली तर येत नाही.

येते पण जात नाही. किंवा ‘गेली’ म्हणतं आणि समोरच्याला मिळतच नाही.

इनबॉक्स ठीक, पण पाठवलेल्या मेलचं फोल्डर महिन्यापूर्वीच्या तारखेला थिजलेलं.

काल रात्री सिस्टिम अपडेट केली आणि आज म्यू४ई उघडायलाच तयार नाही.

(मेल येते पण मराठी विषयाच्या जागी चौकोन दिसतात, हे यात धरलेलं नाही. तो फॉन्टचा प्रश्न आहे, मेलचा नाही.)

यातलं काहीही झालं की लोक पहिलं काम एकच करतात: इनिट फाइल, म्हणजे ईमॅक्सच्या सेटिंगची फाइल, उघडून तिच्यात बोटं घालतात. मीही केलंय. गेली अकरा वर्षं भाषांतराचं काम ईमॅक्समध्ये करते, मेल तिथेच वाचते, आणि माझ्या नादी लागून ज्या सात-आठ जणांनी हा उद्योग मांडला त्यांचे फोनही मलाच येतात. त्या सगळ्या फोनांवरून सांगते, दोष इनिट फाइलमध्ये क्वचित निघतो. जी फाइल काल चालत होती आणि जिला तुम्ही हात लावला नाही, ती रात्रीतून आपोआप बिघडत नाही. तिथे खोदकाम म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर नवा घोळ. मग मूळ बिघाड कुठला आणि आपण घातलेला कुठला, हेही कळेनासं होतं.

कारण ‘ईमॅक्समधला मेल क्लायंट’ ही एक वस्तू नाहीच. चार वेगळे गडी ओळीने काम करतात. एमबीसिंक सर्व्हरवरून मेल आणून डिस्कवर मेलडिर नावाच्या रचनेत ठेवतं, एक मेल म्हणजे एक फाइल. म्यू त्या फायली वाचून झेपियन डेटाबेसात त्यांची सूची बनवतं. म्यू४ई ती सूची ईमॅक्समध्ये दाखवतं. आणि पाठवायचं काम ईमॅक्ससोबतच येणाऱ्या एसएमटीपीमेलकडे. विहीर, टाकी, नळ आणि सांडपाण्याची वेगळी पाइप, असं समजा. नळाला पाणी नाही म्हणून कोणी नळ बदलत नाही, आधी गच्चीवर जाऊन टाकी बघतात. इथेही तेच करायचं: कुठल्या गड्यापाशी अडलंय ते शोधायचं. दुरुस्ती मग बहुतेक वेळा दोन मिनिटांची असते.

म्यूऐवजी नॉटमच वापरणाऱ्यांना यातला एमबीसिंकचा सगळा भाग जसाच्या तसा लागू पडेल. ग्नस या ईमॅक्समधल्या दुसऱ्या मेल प्रोग्रामवाल्यांना निम्माच, कारण ग्नस थेट आयमॅप (मेल आणायची प्रमाण पद्धत) सर्व्हरशीही बोलू शकतं, मध्ये टाकी नसते. कमांड मी उच्चाराने लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन.

फुकटातल्या तपासण्या

ब्राउझर उघडा आणि मेल खरोखर आली आहे का ते बघा. हसू नका. दोनदा मी पाऊण तास घालवलाय आणि मेल स्पॅममध्ये निघाली आहे. म्यू४ई ‘इनबॉक्स’ म्हणून दाखवतं ती खरं तर शोधाची एक ओळ असते. मेल त्या ओळीत बसत नसेल तर डिस्कवर असूनही दिसणार नाही. तेव्हा म्यू४ईत प्रेषकाच्या नावाने मोकळा शोध घेऊन बघा. सापडली, तर सगळे गडी कामावर आहेत आणि फक्त बुकमार्कची ओळ चुकली आहे.

मग घड्याळ. जुन्या लॅपटॉपची मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपली की मशीन सुरू करताना तारीख काही वर्षं मागे जाते. सर्व्हरचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असतं, आणि तुमच्या मशीनच्या मते ती तारीख अजून उगवलेलीच नसते. मग सर्टिफिकेटची एरर येते आणि माणूस सर्टिफिकेटच्या फायली शोधत बसतो. आधी कोपऱ्यातली तारीख वाचा.

नेटवर्क. ब्राउझर चालतो म्हणजे मेल चालेल असं नाही. ब्राउझर ४४३ या पोर्टवरून जातो, आयमॅप ९९३वरून आणि पाठवणं ४६५ किंवा ५८७वरून. हॉस्टेल, हॉटेल आणि काही ऑफिसांच्या वायफायवर ही पोर्टं बंद असतात. फोनचा हॉटस्पॉट लावून एकदा ओढून बघा. चाललं तर दोष वायफायचा, तुमच्या सेटिंगचा नाही. माझ्या भाच्याने हॉस्टेलवर तीन रात्री जागून ईमॅक्स दोनदा नव्याने बसवलं होतं. शेवटी हॉटस्पॉट लावला आणि चारशे मेल एकदम कोसळल्या.

आणि डिस्क भरली आहे का. एक मेल एक फाइल म्हटल्यावर मेलडिर किती फुगलंय हे वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही. ‘डीएफ’ ही मोकळी जागा सांगणारी कमांड चालवायला दोन सेकंद लागतात.

गड्यांना वेगळं करा

आता खरी तपासणी. ईमॅक्स बाजूला ठेवा, टर्मिनल उघडा, ‘एमबीसिंक’ लिहा, पुढे हायफन आणि मोठा व्ही, मग तुमच्या चॅनेलचं नाव (कन्फिग फाइलमध्ये दिलेलं असतं ते). मोठ्या व्हीमुळे ते काय काय करतंय ते सविस्तर बोलतं. या एका कमांडने सगळा प्रश्न दोन भागांत चिरला जातो, म्हणून मी फोनवर कोणालाही पहिल्यांदा हेच चालवायला लावते.

इथे एरर आली तर ईमॅक्सचा काहीही संबंध नाही. तो बंदच करून टाका, म्हणजे मोह होणार नाही.

इथे मेल नीट आली आणि ईमॅक्समधून येत नसेल, तर तीन शक्यता बघा.

पहिली, नव्या मशीनवर हमखास: मेल आणण्याची कमांड दिलेलीच नाही. म्यू४ईत ती मुळात ‘ट्रू’ अशी असते. ट्रू ही युनिक्समधली सगळ्यात आळशी कमांड, काहीही न करता ‘झालं’ म्हणून सांगते. म्हणजे मोठा यू दाबला की टाकीतलं पाणी पुन्हा मोजलं जातं, विहिरीकडे कोणी जातच नाही. कुठेही लाल अक्षर नाही, एरर नाही. ‘म्यू४ई-गेट-मेल-कमांड’ या चलात (व्हेरिएबलमध्ये) काय आहे ते कंट्रोल-एच व्ही दाबून वाचा.

दुसरी: ईमॅक्सला एमबीसिंक सापडत नाही. टर्मिनलला जो पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे त्या जागांची यादी) माहीत असतो तो मॅकच्या डॉकवरून किंवा लिनक्सच्या मेन्यूतून उघडलेल्या ईमॅक्सला माहीत असेलच असं नाही. ताडून बघायला ईमॅक्स टर्मिनलवरूनच सुरू करा. तेव्हा चाललं तर कारण हेच. उपाय म्हणून कमांडमध्ये एमबीसिंकचा पूर्ण पत्ता लिहा, किंवा एक्झेक-पाथ-फ्रॉम-शेल हे पॅकेज लावा. मी पूर्ण पत्ता लिहिते. एक पॅकेज कमी म्हणजे एक फोन कमी.

तिसरी शक्यता पासफ्रेजची, म्हणजे पासवर्डाची कुलूपबंद फाइल उघडणाऱ्या शब्दांची, ती पुढे सविस्तर येते.

कुलपं

एमबीसिंक ‘चॅनेल लॉक आहे’ म्हणालं तर दुसरं एमबीसिंक आधीच चालू आहे. बहुतेक वेळा एक पाच मिनिटांच्या टायमरवर असतं आणि दुसरं म्यू४ईतून. दोघांपैकी एकालाच काम द्या.

म्यूचं कुलूप वेगळं. म्यू४ई उघडं असताना त्याच्या मागे म्यूचा सर्व्हर चालू असतो आणि डेटाबेसात लिहायचा हक्क त्याच्याकडे असतो. त्याच वेळी टर्मिनलवर ‘म्यू इंडेक्स’ चालवलं की डेटाबेस लॉक असल्याची एरर येते. हा बिघाड नाही, बरोबर वागणूक आहे. बिघाड तेव्हा, जेव्हा ईमॅक्स कोसळतं आणि मागे म्यूचा सर्व्हर पोरका राहतो. ‘पीग्रेप म्यू’ने तो दिसतो का बघा, दिसला तर साध्या किलने थांबवा. थेट ‘किल नऊ’ वापरू नका. लिहिता लिहिता गळा दाबला तर सूची अर्धवट राहण्याची भीती असते.

पासवर्ड, म्हणजे निम्मे फोन

पासवर्डाच्या एररी सगळ्या सारख्या दिसतात, पण दोन वाक्यं नीट वाचा. ‘इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स’ म्हणजे दिलेला पासवर्ड चुकीचा किंवा आता रद्द झालेला. ‘ॲप्लिकेशन-स्पेसिफिक पासवर्ड रिक्वायर्ड’ म्हणजे तुम्ही खात्याचा रोजचा पासवर्ड देताय आणि तो इथे चालत नाही. पाठवताना याच दोन तक्रारी अनुक्रमे ५३५ आणि ५३४ या आकड्यांनी सुरू होतात.

गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नेहमीच्या पासवर्डाने आत शिरण्याची सोय ३० मे २०२२पासून काढून घेतली. तेव्हापासून टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड बनवावा लागतो. हे आता बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं: खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधी बनवलेले ॲप पासवर्ड रद्द होतात.

माझी एक मैत्रीण दर सहा महिन्यांनी इमानेइतबारे पासवर्ड बदलते. दर सहा महिन्यांनी तिचा फोन येतो की ईमॅक्स बिघडलं. एकदा तर नऊ दिवस मेल आली नव्हती आणि तिला वाटत होतं की दिवाळी आहे म्हणून कोणी लिहीत नाही. फोनवर मेल चालू असते, कारण बदल केला की फोन लगेच नवीन पासवर्ड मागतो. एमबीसिंक बिचारं पार्श्वभूमीवर गुपचूप नापास होत राहतं. तेव्हा पहिला प्रश्न: गेल्या आठवड्यात पासवर्ड बदललात का? हो, तर नवा ॲप पासवर्ड बनवा, बाकी काही शोधू नका.

नवा पासवर्ड गूगल चार-चार अक्षरांचे चार गट करून दाखवतं, मध्ये मोकळी जागा. ती जागा गाळून लिहा. ऑथइन्फो फाइलमध्ये (ईमॅक्स पासवर्ड जिथून वाचतं ती) मोकळी जागा म्हणजे शब्द संपला, त्यामुळे पासवर्ड म्हणून पहिली चारच अक्षरं घेतली जातात. डोळ्यांना फाइल अगदी बरोबर दिसते. या एका चुकीने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली आहे.

आणि पासवर्ड फाइलमध्ये बदलला तरी पाठवताना जुनाच जातोय? ईमॅक्स एकदा वाचलेला पासवर्ड दोन तास, नेमके ७२०० सेकंद, लक्षात ठेवतं. तो विसरायला लावायचा तर मेटा-एक्स (बहुतेक कीबोर्डांवर ऑल्ट आणि एक्स), मग ‘ऑथ-सोर्स-फरगेट-ऑल-कॅश्ड’. हे माहीत नसलेला माणूस बरोबर पासवर्ड चुकीचा समजून पुन्हा बदलतो, आणि मग खरंच सगळं चुकतं.

दर दोन तासांनी बंद पडणारी मेल

आता ते ‘जेवून आलं की बंद’ प्रकरण. पासवर्ड साध्या अक्षरांत न ठेवता जीपीजी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामने कुलूपबंद केलेल्या फाइलमध्ये ठेवायचा, हे बरोबरच आहे. एमबीसिंक दर वेळी जीपीजीकडून तो उलगडून घेतं. पार्श्वभूमीवर चालणारा जीपीजी एजंट तुमची पासफ्रेज लक्षात ठेवतो, पण किती वेळ? वापर झाला नाही तर ६०० सेकंद, आणि सतत वापर चालू असला तरी जास्तीत जास्त ७२०० सेकंद. म्हणजे दर पाच मिनिटांनी मेल ओढणाऱ्याचं दोन तास सुरळीत चालतं, आणि मग एजंट पुन्हा पासफ्रेज विचारायला जातो. विचारणार कुठे? मेल पार्श्वभूमीवर ओढली जात असते. विचारणारी चौकट टर्मिनलसाठीची असेल तर तिला उघडायला टर्मिनलच नसतं, आणि खिडकीची असेल तर कधीकधी ईमॅक्सच्या मागे दडून बसते.

तपासायला कन्फिग फाइलमधली पासवर्ड आणणारी कमांड जशीच्या तशी टर्मिनलवर चालवा (मागे कोणी उभं नाही ना ते बघून, कारण पासवर्ड पडद्यावर येतो). तिथे पासफ्रेज विचारली गेली आणि त्यानंतर म्यू४ईतूनही मेल आली, तर आजार हाच. उपाय दोन: खिडकीत उघडणारी पिनएंट्री (पासफ्रेज विचारणारी चौकट) लावा, आणि एजंटच्या कन्फिगमध्ये दोन्ही मुदती वाढवून त्याला रीलोड करा. मी आठ तासांची मुदत ठेवते. लॅपटॉप घराबाहेर फारसा जात नाही म्हणून. तुमचा जात असेल तर विचार करून आकडा टाका.

इथे आपल्या लोकांची म्हणून एक खास अडचण आहे. पासफ्रेजच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात. मी दिवसभर इनस्क्रिप्टमध्ये मराठी लिहिते, कीबोर्ड मराठीवरच असतो, आणि त्याच कीबोर्डाने रोमन पासफ्रेज मारते. ठिपके पडतात, पासफ्रेज चुकीची ठरते. तीनदा चुकली की एमबीसिंक हात टेकतं. ईमॅक्सची स्वतःची देवनागरी इनपुट पद्धत वापरली तर या खिडकीवर तिचा परिणाम होत नाही. सिस्टिमचा लेआउट बदलला असेल तर होतो. कोपऱ्यातला भाषेचा शिक्का बघून मगच टाइप करा.

एकच फोल्डर थिजलंय

इनबॉक्स येतो, पाठवलेल्या मेलचं फोल्डर येत नाही, आणि एमबीसिंक म्हणतं की पलीकडचा बॉक्स उघडता येत नाही. याचं कारण जीमेलच्या बाबतीत बहुतेक वेळा भाषा असते.

एका मराठी भाषा गौरव दिनी, २७ फेब्रुवारीला, मी उत्साहाच्या भरात जीमेलची भाषा मराठी केली. मला ठाऊक नव्हतं की चौकटी कंसातल्या ‘जीमेल’ या शब्दाखाली येणारी पाठवलेली मेल, कचरा, सर्व मेल ही फोल्डर आयमॅपवर खात्याच्या भाषेत नाव बदलतात. एमबीसिंकच्या दृष्टीने जुनी फोल्डर गायब झाली आणि नवीनच काही उगवली. माझ्या कन्फिगमध्ये ‘जे जे दिसेल ते घे, नसेल ते बनव’ असं लिहिलेलं. त्यामुळे ते सर्व मेलचं फोल्डर पहिल्यापासून पुन्हा उतरवायला लागलं, तेही रोज दीड जीबीच्या मोबाइल डेटावर. जीमेलची आयमॅपवरून उतरवण्याची मर्यादा दिवसाला २५०० एमबी आहे. तिथवर मी पोचले नाही, डेटा आधीच संपला. ती ओलांडली तर बँडविड्थची मर्यादा संपल्याची एरर येते आणि खातं काही काळ आयमॅपला दार उघडत नाही. अशा वेळी पासवर्डाशी खेळायचं नाही, नुसतं थांबायचं.

ओळखायचं कसं? एमबीसिंकला हायफन आणि लहान एल देऊन फोल्डरांची यादी मागवा. हे काहीही उतरवत नाही, नुसती नावं सांगतं. नावात अँपरसँड, मग अगम्य अक्षरं, आणि शेवटी हायफन दिसला तर ते आयमॅपचं जुनं सांकेतिक रूप आहे, सुधारित यूटीएफ-७. देवनागरीचा शब्द त्यात कायम अँपरसँड आणि मोठ्या सीने सुरू होतो, आणि त्याच्या पुढचं अक्षर बहुधा क्यू ते टीच्या दरम्यानचं. कारण युनिकोडमध्ये आपली सगळी अक्षरं ०९ या एकाच जोडीने सुरू होणाऱ्या पट्ट्यात बसतात. एकदा हे डोळ्यांत बसलं की तो कचरा वाटत नाही, ‘अरे, ही आपली मराठी’ असं वाटतं.

जर्मनीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने भाषा सरावाची व्हावी म्हणून जीमेल जर्मन केलं, तेव्हा तिच्याकडे ‘गेझेंडेट’ नावाचं फोल्डर उगवलं. ते निदान वाचता तरी येत होतं. ब्रिटिश इंग्रजी निवडली तरी ट्रॅशचं बिन होतं.

सर्वात कमी कटकटीचा उपाय म्हणजे जीमेलची भाषा पुन्हा पहिली करायची. मराठी हवीच असेल तर कन्फिगमध्ये ती सांकेतिक नावं जशीच्या तशी लिहावी लागतात. मी लिहिली होती. चार महिन्यांनी मलाच कळेना कुठलं फोल्डर कुठलं, आणि मी इंग्रजीवर परतले. फोनवरचं जीमेल मराठीत आहे, तेवढ्यावर समाधान.

भाषा बदललेली नसेल तर ब्राउझरमधल्या जीमेलच्या सेटिंगमध्ये लेबलांच्या पानावर जा. प्रत्येक लेबलापुढे ‘आयमॅपमध्ये दाखवा’ची खूण असते. ती निघाली असेल तर फोल्डर सर्व्हरवर असूनही एमबीसिंकला दिसत नाही.

डुप्लिकेट यूआयडी

इथून पुढे हात घालण्याआधी मेलडिरची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. नुसत्या फायली आहेत, साधी कॉपी चालते.

एरर म्हणते की अमुक फोल्डरात अमुक यूआयडी (मेलचा त्या फोल्डरापुरता नंबर) दोनदा आहे. फाइलचं नाव बघा. लांबलचक आकडे, मशीनचं नाव, आणि शेपटीला असं काहीतरी: स्वल्पविराम, मोठा यू, बरोबरचं चिन्ह, ५७, मग विसर्ग-चिन्हासारखे दोन टिंब, २, स्वल्पविराम, मोठा एस. एस म्हणजे वाचलेली. आर असेल तर उत्तर दिलेली, टी असेल तर कचऱ्यात गेलेली. आणि यू बरोबर ५७ हा एमबीसिंकने त्या फोल्डरापुरता लावलेला बिल्ला. म्यू४ईने ती मेल दुसऱ्या फोल्डरात हलवली आणि बिल्ला तसाच ठेवला, तर तिथल्या मूळच्या ५७ नंबरशी टक्कर होते. एसटीच्या एकाच सीटवर दोन तिकिटं.

दोन्ही फायली वाचून कुठली बाहेरून आली ते ठरवा. ब्राउझरमध्ये त्या फोल्डरात जी दिसत नाही ती. फक्त तिच्या नावातून स्वल्पविरामापासून ५७पर्यंतचा तुकडा काढा, दोन टिंबांपासून पुढचं तसंच राहू द्या. मग एमबीसिंक तिला नवी समजून नवा बिल्ला देतं. मूळ फाइलचा बिल्ला काढू नका, नाहीतर एका मेलची नोंद दुसरीच्या गळ्यात पडते. आणि पुन्हा होऊ नये म्हणून ‘म्यू४ई-चेंज-फाइलनेम्स-व्हेन-मूव्हिंग’ला टी (म्हणजे ‘हो’) द्या. इनिट फाइलमध्ये जाण्याचं मला पटलेलं हे मोजक्या कारणांपैकी एक.

अपडेटनंतर उघडत नाही

म्यू आणि म्यू४ई यांची आवृत्ती एकच लागते. सिस्टिमने म्यू नवं केलं आणि ईमॅक्सने जुन्या जागेवरचं म्यू४ई उचललं की ते उघडायला नकार देतं. म्यूसोबत आलेलंच म्यू४ई लोड होतंय ना ते बघा, जुनी प्रत काढा, ईमॅक्स बंद करून उघडा. डेटाबेसाची रचना बदलल्याची तक्रार असेल तर ‘म्यू इनिट’ मेलडिरच्या पत्त्यासह आणि तुमच्या सगळ्या मेल पत्त्यांसह चालवा, मग ‘म्यू इंडेक्स’. मेल जाईल ही भीती नको. सूची पुन्हा बनते, मेल मेलडिरमध्येच असते. पत्ते द्यायला मात्र विसरू नका, नाहीतर तुमचे कोणते हे म्यूला कळत नाही.

एमबीसिंकही नवं झालं असेल तर जुन्या कन्फिगमधले शब्द बघा. १.४मध्ये मास्टर आणि स्लेव्ह जाऊन फार आणि नियर आले, १.५मध्ये एसएसएल टाइपचं टीएलएस टाइप झालं.

‘गेली’ म्हणणारी पण न पोचणारी मेल राहिली. म्यू४ईच्या मुख्य पानावर लहान एम दाबला की पाठवण्याऐवजी रांगेत टाकायची पद्धत चालू होते. कोणाला तरी उत्तर लिहायच्या घाईत तो दाबला जातो. त्याच पानावर एफ दाबून रांग मोकळी करा, आणि एम पुन्हा दाबून पूर्ववत करा.

इथे थांबा

खातं ऑफिसचं किंवा विद्यापीठाचं असेल आणि टर्मिनलवरचं एमबीसिंकच दारात अडत असेल, तर पासवर्ड एकदा तपासा आणि सिस्टिम ॲडमिनला लिहा. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइनवर १ ऑक्टोबर २०२२पासून नुसत्या पासवर्डाची आयमॅप लॉगिन बंद होत गेली, आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांवर १६ सप्टेंबर २०२४पासून. तिथे ओऑथ (पासवर्डाऐवजी परवानगीचं टोकन देणारी पद्धत) लागतं, आणि ऑफिसच्या खात्यात त्याला परवानगी देणं बहुधा ॲडमिनच्याच हातात असतं. त्याला सांगताना ‘ईमॅक्स चालत नाही’ असं सांगू नका, तो हसेल. ‘आयमॅपसाठी ओऑथची परवानगी हवी’ असं सांगा. नाही म्हणाला तर नाही. आडमार्गाने मेल दुसऱ्या खात्यावर वळवून वाचू नका, नोकरीचा प्रश्न असतो.

संशयास्पद लॉगिन म्हणून खातंच बंद झालं असेल तर टायमर बंद करा. दर पाच मिनिटांनी दार ठोठावत राहिलं की संशय वाढतो. मग त्या कंपनीच्या स्वतःच्या रिकव्हरीच्या पानावरून जा. कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करू नका, त्यातले बरेच नंबर भामट्यांचे असतात.

आणि डिस्कवरून ‘इनपुट-आउटपुट एरर’ आली, किंवा मेलडिरमधल्या फायली आपोआप कमी होताना दिसल्या, तर पुढची एकही कमांड नको. एमबीसिंकच्या दृष्टीने नाहीशी झालेली फाइल म्हणजे तुम्ही पुसलेली मेल. कन्फिगमध्ये दोन्हीकडून पुसण्याची मुभा असेल तर ते सर्व्हरवरची चांगली प्रतही पुसून टाकेल. माझ्या एका सहकाऱ्याची अशी सहाशे पत्रं गेली, आणि ती डिस्कने नाही, पुढच्या पाच मिनिटांच्या टायमरने नेली. आधी टायमर बंद, मग वायफाय बंद, मग लॅपटॉप बंद, आणि मग डेटा रिकव्हरीवाला.